हाक ऐकू येईल इतकी शांतता

(इचलकरंजी इथे वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे.)



विषयपत्रिकेवर 'ध्वनिप्रदूषण' हा शब्द बघून सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलं, हा आपला विषय कधीपासून झाला? मारहाण, पोटगी, रेशन, पाणी, संडास हे आपले विषय. आवाजाची तक्रार करणारे म्हणजे कॉलनीत राहणारे, निवृत्त झालेले, वर्तमानपत्राला पत्रं लिहिणारे काका. बाईच्या प्रश्नाशी याचा काय संबंध?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी एका निकालपत्रापासून देते.

१८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाबद्दल एक मोठा निकाल दिला. सरन्यायाधीश लाहोटी आणि न्यायमूर्ती अशोक भान यांचा. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, रात्री फटाके बंद, निवासी भागात रात्री हॉर्न बंद, हे सगळं त्यात आहे. पर्यावरणाचं काम करणारे लोक हा निकाल नेहमी सांगतात, डेसिबलच्या आकड्यांसकट सांगतात. पण ही याचिका मुळात कशामुळे दाखल झाली, ते फारसं कोणी सांगत नाही. ते निकालाच्या सुरुवातीलाच लिहिलेलं आहे. ३ जानेवारी १९९८ च्या वर्तमानपत्रांत एक बातमी आली होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. ती ओरडली, मदतीसाठी हाका मारल्या. शेजारीच लाउडस्पीकरवर गाणी लागली होती, त्यात तिच्या हाका बुडून गेल्या. कोणाला काही ऐकू गेलं नाही. त्याच संध्याकाळी त्या मुलीने स्वतःला पेटवून घेतलं आणि ती गेली. ती बातमी वाचून अनिल मित्तल नावाच्या एका इंजिनिअरने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यातून साडेसात वर्षांनी हा निकाल आला.

म्हणजे या देशातला आवाजाबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल एका मुलीच्या न ऐकल्या गेलेल्या हाकेतून निघाला आहे. आणि आपण, स्त्रियांच्या चळवळीतल्या बायका, तो आपला मानत नाही. मला हे बरोबर वाटत नाही.

वस्तीत काम करणाऱ्या तुम्हा सगळ्याजणींना हे वेगळं सांगायला नको. ज्या घरात मारहाण होते त्या घरात आधी काय होतं? टीव्हीचा आवाज वाढतो. पूर्वी रेडिओचा, टेपचा वाढायचा. शेजारणी काय सांगतात? "ताई, टीव्ही मोठा झाला की आम्हाला कळतं, पण नक्की काय चाललंय ते नाही कळत." गणपतीत, नवरात्रात, लग्नसराईत तर तेवढीही तसदी घ्यावी लागत नाही, बाहेरचा आवाजच काम करतो. शेजारणीने ऐकणं, दार वाजवणं, चार बायकांनी गोळा होणं ही आपल्या कामाची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वस्त यंत्रणा आहे. ती कानावर चालते. कानच बंद झाला तर ती बंद पडते.

आता थोडं शास्त्र सांगते. घाबरू नका, दहावीच्या पुस्तकातलंच आहे.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि डेसिबलचं गणित जरा फसवं आहे. साठाच्या जागी सत्तर झाले म्हणजे आवाज थोडा वाढला असं नाही, त्याची ताकद दहा पट झाली. तीन डेसिबल वाढले की ताकद दुप्पट होते. म्हणून मंडळाची मुलं जेव्हा म्हणतात, "ताई, चार स्पीकर होते, तुमच्या सांगण्यावरून दोन केले," तेव्हा त्यांनी तीनच डेसिबल कमी केलेले असतात. कानाला फरक जेमतेम कळतो. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच वाटतं आपण निम्मं केलं. हे गणित त्यांनाही समजावून सांगायला हवं.

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात अतिशय बारीक केसांच्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि मेंदूकडे खबर जाते. फार मोठ्या आवाजाने त्या आडव्या होतात, जशी वाऱ्याने ज्वारी झोपते. थोडा वेळ विश्रांती मिळाली तर पुन्हा उभ्या राहतात. मिरवणुकीनंतर रात्रभर कानात 'कुंई' वाजतं आणि सकाळी बरं वाटतं, ते यामुळे. पण रोज तेच झालं तर त्या मरतात. आणि एकदा मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. यावर गोळी नाही, ऑपरेशन नाही. मशीन लावता येतं, पण ते उरलेल्या पेशींवरच काम करतं.

पंच्याऐंशी डेसिबलच्या जागी रोज आठ तास, यापुढे कानाला धोका आहे असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. अठ्ठ्याऐंशीला चार तास, एक्याण्णवला दोन, चौऱ्याण्णवला एक तास. शंभरला किती? पंधरा मिनिटं.

आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज किती असतो? शंभराच्या आसपास. पंधरा मिनिटांची जागा, तिथे माणसं बारा तासांची पाळी करतात.

आपण आज ज्या गावात बसलो आहोत तिथे हे सांगायला लागू नये, पण सांगावं लागतं, कारण मागाचा आवाज हा इथे आवाज समजला जात नाही. तो गावाचा श्वास समजला जातो. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, विटा, सगळीकडे तेच. माग बंद झाले की लोक दचकतात, वीज गेली की संप झाला म्हणून. मागवाल्या पुरुषाच्या बहिरेपणाबद्दल निदान थोडं बोललं जातं. कांडी भरणाऱ्या बाईबद्दल कोणी बोलत नाही. धोट्यात घालायची कांडी भरायचं मशीन बहुतेक ठिकाणी त्याच शेडमध्ये, मागांच्या रांगेच्या कडेला, कोपऱ्यात असतं. तिथे बाई बसते. कांडीच्या मशीनचा स्वतःचा आवाज त्या मानाने काहीच नाही, पण शेजारी वीस-पंचवीस माग वाजत असतात. म्हणजे ज्या आवाजाशी तिच्या कामाचा काही संबंध नाही, तो ती दिवसभर सोसते. मजुरी मात्र मागवाल्यापेक्षा कमी, तीही बऱ्याचदा कांड्यांच्या मोजणीवर, आणि हजेरीच्या वहीत नाव असेलच असं नाही.

अशा कामातल्या बायकांशी गेली काही वर्षं मी बोलते आहे. त्यांना मी सुरुवातीला विचारायची, "ऐकू कमी येतं का?" सगळ्या म्हणायच्या, "नाही, चांगलं येतं." मग मी प्रश्न बदलला. घरातले तुमच्यावर कशावरून चिडतात? तेव्हा उत्तरं येऊ लागली. "हाक मारली तरी ओ देत नाही म्हणतात." "एकदा सांगून कळत नाही म्हणतात." "फार मोठ्याने बोलते, बाईमाणसाला शोभत नाही म्हणतात." एक मावशी म्हणाली, "सासू म्हणते, ही मुद्दाम ऐकत नाही."

याचं कारण असं, की आवाजाने येणारा बहिरेपणा एकदम येत नाही आणि सगळ्या आवाजांना सारखा येत नाही. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. बोलण्यात स, श, त, थ, फ ही अक्षरं बारीक, उंच पट्टीची. ती निसटतात. बाकीचं ऐकू येतं. 'सात' म्हटलं की 'आत' ऐकू येतं. म्हणजे कोणीतरी बोललं हे बाईला कळतं, काय बोललं ते कळत नाही. शांत खोलीत समोरासमोर बोललं तर ओठ बघून ती निभावून नेते. मागावरच्या सगळ्यांनाच ओठ वाचायची सवय असते. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांतल्या बाया तर आवाज न काढता, नुसत्या ओठांनी लांबून गप्पा मारायच्या, त्यांची ती एक भाषाच होती. पण पाठीमागून, दुसऱ्या खोलीतून, नळ चालू असताना हाक मारली की संपलं. आणि आपल्या घरांत बाईला समोर येऊन कोण सांगतं? तिला हाकच मारली जाते.

बाईने 'ऐकायचं' असतं. मराठीत ऐकणं म्हणजे कानाने ऐकणं आणि आज्ञा पाळणं, दोन्ही. त्यामुळे जिचा कान गेला तिच्यावर 'ऐकत नाही' हा आरोप येतो, आणि त्या आरोपाबद्दल तिला मारही बसतो. आपल्या केंद्रांवर येणाऱ्या किती बायकांच्या तक्रारीच्या मुळाशी हे असेल ते मला सांगता येणार नाही, कारण आपण कधी विचारतच नाही. मुलाखतीच्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवायला हवी: कामाच्या जागी आवाज आहे का, किती वर्षं, कानात शिट्टी वाजते का.

कायद्याने आवाजामुळे येणारं ऐकण्याचं अपंगत्व हा व्यवसायातून होणारा आजार आहे, भरपाईच्या यादीत त्याचं नाव आहे. पण भरपाई मागायची तर आपण इथे कामाला होतो हे सिद्ध करावं लागतं. एका शेडचे माग चार जणांच्या नावावर दाखवून कारखान्याचा कायदाच लागू होऊ द्यायचा नाही, हे या धंद्यात नवीन नाही. तिथे कांडीवालीचा कागद कुठून येणार? अपंगत्वाचा दाखला मागायला गेलं तर २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांनी साठ डेसिबलचं नुकसान झाल्यावरच 'ऐकू कमी येणारी व्यक्ती' अशी नोंद होते. तोवर ती कुठेच बसत नाही, ना कामगारात, ना अपंगात.

आणखी एक गोष्ट, ती मला फार महत्त्वाची वाटते. या कांडीवाल्यांत गरोदर बायका असतात, सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत. पोटातलं मूल साधारण सहाव्या महिन्यापासून ऐकायला लागतं. स्वीडनमध्ये सुमारे १४ लाख मुलांच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या आयांनी गरोदरपणात पंच्याऐंशी डेसिबलच्या वरच्या जागी पूर्णवेळ काम केलं, त्यांच्या मुलांत ऐकण्याच्या दोषाचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. आई कानात बोळा घालू शकते, बाळ घालू शकत नाही. पोटाच्या भिंतीतून घुमणारे जाड आवाज आत जातातच. गरोदर बाईला जड उचलू देऊ नये हे आता निदान तोंडाने तरी सगळे म्हणतात. तिला मागाशेजारी बसवू नये, हे अजून कोणी म्हणत नाही.

कानापलीकडचंही सांगते. झोपेत कान बंद होत नाहीत. मोठा आवाज झाला की जाग आली नाही तरी शरीर दचकतं, नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, भीतीच्या वेळी सुटणारी द्रव्यं रक्तात सुटतात. एखाद्या रात्री चालतं. वर्षानुवर्षं रस्त्याच्या, विमानतळाच्या, कारखान्याच्या आवाजात राहणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाब आणि हृदयविकार जास्त आढळतात, हे आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. झोपायच्या खोलीत तीस डेसिबल असावेत, असं या संघटनेने १९९९ मध्येच म्हटलं होतं. आपल्या वस्त्यांत पत्र्याच्या भिंतीपलीकडे शेजारी घोरतो तोच ऐकू येतो!

बाईची झोप मुळातच तुटकी. शेवटी झोपायचं, आधी उठायचं, मधे मूल रडलं तर उठायचं, नळाला पाणी तीनला येत असेल तर तीनला उठायचं. तिच्या पाच तासांतले दोन तास डॉल्बीने खाल्ले तर उरतं काय? दुसऱ्या दिवशी पुरुष म्हणतो डोकं दुखतंय आणि झोपतो. ती मुलांवर खेकसते, आणि मग तिला वाटतं आपलाच स्वभाव बिघडला.

मुलांचं एक उदाहरण देते, कारण त्यात पुढचा मार्गही दिसतो. न्यूयॉर्कमध्ये एका शाळेच्या एका बाजूने उंचावरून रेल्वे जायची. अर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्यांच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीचं मूल त्या शाळेत होतं, तिने गाऱ्हाणं सांगितलं. ब्रॉन्झाफ्ट यांनी रुळाच्या बाजूच्या वर्गांची आणि पलीकडच्या शांत बाजूच्या वर्गांची वाचनाची प्रगती तपासली. १९७५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला: आवाजाच्या बाजूची मोठी मुलं वाचनात जवळजवळ वर्षभर मागे होती. मग रुळांखाली रबराचे पट्टे बसवले, वर्गांच्या छताला आवाज शोषणारं आच्छादन लावलं. काही वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा दोन्ही बाजूंची मुलं बरोबरीला आली होती. शाळा तीच, फक्त गोंगाट कमी झाला.

आता कायद्याकडे येते. हे लिहून घ्या.

केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर, डीजे, वाद्यं बंद. मुख्य अपवाद: सण-उत्सवासाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत मुभा देता येते, आणि ते दिवस आधी जाहीर करावे लागतात. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. दिवसा तक्रार केली की पोलिस म्हणतात, "मीटर नाही आमच्याकडे." पण रात्री दहानंतर उघड्यावरच्या लाउडस्पीकरला मीटर लागतच नाही. तो वाजतोय हाच गुन्हा. घड्याळ पुरतं.

शांतता क्षेत्राचं जरा बिघडलं आहे. पूर्वी दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर आपोआप शांतता क्षेत्र धरलं जायचं. २०१७ च्या दुरुस्तीने राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय ते धरलं जात नाही. तेव्हा आपल्या भागातलं प्रसूतिगृह यादीत आहे का, ते विचारायला हवं. शिक्षेचंही तसंच. पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, एप्रिल २०२४ पासून, ती गेली आणि दहा हजार ते पंधरा लाखांपर्यंत दंड आला. मला व्यक्तिशः याचं फार दुःख नाही, कारण त्या कैदेच्या भीतीने कोणाचा डीजे बंद झालेला माझ्या पाहण्यात नाही. दंड वसूल झाला तर जास्त उपयोग होईल.

मागाच्या गावांसाठी खास मुद्दा असा, की एकाच गल्लीत घर आणि माग दोन्ही असतील तर ती गल्ली निवासी की औद्योगिक? नियम म्हणतात, मिश्र भागाला चारपैकी एक दर्जा सक्षम अधिकाऱ्याने ठरवून द्यायचा. तुमच्या गल्लीला कोणता दिला आहे? तुम्हाला माहीत आहे? मलाही विचारल्याशिवाय कळलं नव्हतं. रात्रीच्या ४५ आणि ७० मध्ये, मघाचं गणित लावलं तर, ताकदीचा फरक तीनशे पटींहून जास्त आहे. आपण किती झोपायचं हे कोणीतरी कागदावर ठरवतं, तेव्हा माहितीच्या अधिकारात हा एक अर्ज प्रत्येक प्रभागातून जायला हवा.

आणि शेवटी तक्रार. इथेच सगळं अडतं.

एका वस्तीतल्या ताईने नवरात्रात रात्री साडेअकराला पोलिसांना फोन केला. घरात ओली बाळंतीण होती. फोन घेणाऱ्याने नाव, पत्ता, घराची खूण सगळं विचारून घेतलं. वीस मिनिटांनी पोलिसांची गाडी आली, आणि त्याच्या आधी पाच मिनिटं मंडळाची पोरं तिच्या दारात आली. "काकू, तुम्हाला देवाचं वावडं आहे का?" मारलं नाही, शिवी दिली नाही. पण दुसऱ्या दिवशी नळावर तिचा हंडा बाजूला सारला गेला, मुलाला खेळायला घेईनात, आणि नवरा म्हणाला, "आपल्याला इथेच राहायचंय." ती पुन्हा कधी फोन करणार आहे?

कॉलनीतले काका तक्रार करतात तेव्हा फार तर कुरबुर होते. बाईने, त्यातून एकटीने, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईने केली तर तिचं राहणंच धोक्यात येतं. म्हणून जानेवारी २०२५ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मला आपल्या दृष्टीने सगळ्यात कामाचा वाटतो. न्यायमूर्ती गडकरी आणि न्यायमूर्ती चांडक यांचा आहे, कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या अर्जावरचा. त्यात पोलिसांना स्पष्ट सांगितलं आहे की तक्रार करणाऱ्याची ओळख विचारत बसू नका, आणि ती कळलीच तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला कळू देऊ नका. पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी दंड, पुढे लाउडस्पीकर जप्त आणि परवाना रद्द, असा क्रमही घालून दिला आहे. ११२ वर फोन लावायचा, नाव विचारलं तर "उच्च न्यायालयाने नाव विचारू नका म्हटलंय" एवढं शांतपणे सांगायचं आणि जागा सांगायची. हे वाक्य प्रत्येकीला पाठ हवं.

तो अर्ज मशिदींवरच्या भोंग्यांबद्दल होता, हेही मी लपवत नाही. २०२२ पासून आपल्या राज्यात आवाजाचा प्रश्न 'त्यांचा भोंगा, आमचा भोंगा' असा झाला आहे. ज्यांना गणपतीत पाच दिवस काही ऐकू येत नाही, त्यांना पहाटेची दोन मिनिटांची अजान ऐकू येते, आणि उलटही होतं. आपण यात कोणाच्या बाजूने उभं राहायचं नाही. लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही, असं न्यायालय सगळ्यांना मिळून म्हणालं आहे. आपली नोंदवही ठेवायची तर तीत देऊळ, मशीद, लग्नाचा हॉल, पुढाऱ्याचा वाढदिवस आणि माग, सगळं तारीखवार यायला हवं. आपल्या ८ मार्चच्या मिरवणुकीलाही हेच नियम आहेत.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक असतो. "गरिबाला वर्षाला एक सण, त्यातही तुम्ही नाचू देत नाही." वस्तीतल्या मुलीही मिरवणुकीत मनसोक्त नाचतात, एरवी रस्ता त्यांचा कुठे असतो? मला त्यांचं नाचणं थांबवायचं नाही. ढोलपथकातल्या मुलींचं तर मला कौतुकच वाटतं, फक्त कानात बोळे घाला असं मी त्यांना सांगते, ढोलही शंभरी गाठतो. पण स्पीकरची भिंत लावणारा गरीब नसतो. ती भाड्याने येते, तिचे पैसे कोण देतो, बॅनरवर कोणाचा फोटो असतो, ते बघा. कोल्हापूर भागात पोलिसांनी डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाची मोहीम चालवली तेव्हा अनेक मंडळांनी लेझीम, ढोल, हलगी काढलीच की. सण बुडाला नाही.

मागांच्या शेडचं काय करायचं? मालकाला भेटायला जाताना हे मागा. पहिलं, कांडीचं मशीन शेडबाहेर, भिंतीच्या पलीकडे. सगळ्यात कमी खर्चाचं, आणि त्याने बाईचा कान वाचतो. दुसरं, मागाखाली रबराचे जाड तुकडे, ढिले झालेले भाग वेळेवर आवळणं, वंगण, लोखंडी गिअरच्या जागी शक्य तिथे नायलॉनचे. धोटा एका टोकावरून दुसऱ्या टोकाला आपटतो तो मुख्य आवाज राहतोच, पण बाकीची खडखड कमी होते. घराकडच्या बाजूची खिडकी-झरोके बंद करून हवा दुसरीकडून घेणं. कानातले प्लग शेवटी. मालक आधी प्लगच देतो, कारण ते स्वस्त. दिले तर घ्या, आणि नुसता कापूस पुरत नाही हे लक्षात ठेवा. पण प्लग दिले म्हणजे झालं, असं मान्य करू नका. गरोदर बाईला तर शेडमध्ये बसवायचंच नाही, आणि तिची मजुरी बुडता कामा नये.

मोजणी आपणही करू शकतो. मुंबईत सुमैरा अब्दुलाली वर्षानुवर्षं मीटर घेऊन सणांच्या दिवशी रस्त्यावर उभ्या राहिल्या, त्यामुळे निदान आकडे लोकांपुढे आले. त्याही आधी, १९८५ मध्ये, डॉ. यशवंत ओक न्यायालयात गेले होते. आपल्याकडे महागडं मीटर नाही. फोनवर फुकटची ॲप्स मिळतात, त्यांचा आकडा न्यायालयात टिकणार नाही, पण कुठे किती फरक आहे ते कळतं. हात लांब करून, खिडकीत उभं राहून, रोज त्याच जागी, त्याच वेळी मोजायचं. वहीत चार रकाने पुरेत: तारीख, वेळ, आकडा, काय वाजत होतं.

जेवणानंतर आपण गट करणार आहोत. मागाच्या गावांतल्या बायका एका गटात बसतील, त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून काढायचा. बाकीच्यांनी मुलाखतीच्या फॉर्ममधली कानाची ओळ कशी लिहायची ते ठरवायचं. शहरातल्या दोघीजणी पंधरा दिवसांच्या मुभेची जिल्ह्याची यादी कलेक्टर कचेरीतून आणणार होत्या, ती आली असेल तर तिच्या प्रती काढायला आत्ताच द्या, दुकान दीडला बंद होतं.